चाकणच्या वखारीत, एक पट्टी वर

नगर स्टेशनवर गाडी हलायच्या बेतात आली, तेव्हा काशीबाईंनी खिडकीतून दशम्यांची पुरचुंडी आत सारली आणि सकाळपासून चौथ्यांदा विचारलं, की एवढ्या लांब एक पिपाणी ऐकायला कोण जातं. मी चौथ्यांदा सांगितलं, की ती पिपाणी नव्हे, तिला बासून म्हणतात. उभा केला तर माणसाच्या छातीला लागेल एवढा लांब लाकडी पावा, आणि आवाज खर्जातला. काशीबाई माझ्या शेजारीण. आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे, त्यामुळे अकरा वर्षं मी जे वाजवते ते त्यांनीही सोसलं आहे.

मी मुलींच्या मिशन शाळेत गाणं शिकवते. ज्या मिस साहेबांनी मला पियानो शिकवला, त्या आपल्या देशी परत जाताना तो पियानो आणि कागदांचा एक गठ्ठा मला देऊन गेल्या. पुढे वर्षभरातच त्या वारल्याची बातमी आली. गठ्ठ्यात बासून आणि पियानो अशा दोघांसाठी लिहिलेली एक रचना होती. पहिल्या पानाचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, त्यात रचणाऱ्याचं नाव गेलं. रचना आमच्याच शतकातली, पण घाट दोनशे वर्षांपूर्वीचा. उगाच रडणं-भेकणं नाही. सूर इस्त्री करून घडी घातल्यासारखे नीट, आणि मध्येच एखादा मुद्दाम तिरका, गंमत म्हणून. मिस साहेबांनी ती तरुणपणी एकदा ऐकली होती. त्या म्हणायच्या, ही ऐकल्याशिवाय मरू नकोस.

पण नगरात बासून कुठला असायला? मी माझा भाग वाजवत राहिले. दुसऱ्याचे सूर वरच्या ओळीत बारीक छापलेले असतात, ते मनात म्हणायचे. मधल्या संथ भागात आठ घरं अशी आहेत (दोन उभ्या रेघांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो), की तिथे पियानो गप्प असतो आणि बासून एकटा वाजतो. ती आठ घरं मी मनात मोजत बसते. आणि नेमकं पाचव्या-सहाव्या घराला भिंतीपलीकडून काशीबाई विचारतात, "झालं का हो वाजवून?" माझं मोजणं चुकतं, मी चिडते, आणि उरलेली घरं गाळून पुढे जाते.

मग यंदा संक्रांतीनंतर मार्थाचं पत्र आलं. मार्था माझी जुनी विद्यार्थिनी, पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या कामावर आहे. तिने लिहिलं होतं, की तुमच्या भिंतीवर ज्या वाद्याचं चित्र लावलंय तेच वाद्य आमच्या गेटवरचे पहारेकरी जेवणाच्या सुट्टीत वाजवतात. खडकीच्या पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले हवालदार आहेत, राहायला कुरुळीला. चाकणच्या एका व्यापाऱ्याकडे पियानोही आहे म्हणतात. मी बासूनच्या ओळीची नक्कल करून हवालदारांना पाठवली. उत्तर मार्थाच्याच अक्षरात आलं. हवालदार सराव करताहेत, पण त्यांचे खालचे पुढचे दात हलू लागलेत, हिरडी सुजली आहे. लष्करी दवाखान्यात दात काढायचा दिवस तुमच्यासाठी त्यांनी एकदा पुढे ढकलला. आता पुढच्या सोमवारी काढणारच. दात गेले की ओठाला आधार राहत नाही, आणि मग बासून कायमचा बंद. म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्या सुटल्या मी गाडीत बसले. दौंडला गाडी बदलली, रात्र पुण्याच्या मिशन वसतिगृहात काढली आणि शनिवारी सकाळी चिंचवडला उतरले.

चिंचवडचं स्टेशन लहानसं आणि निवांत आहे. फलाटावर बाभळीची सावली, मागे माळ, आणि पलीकडे पिंपरीच्या दिशेला कारखान्याच्या पांढऱ्याफेक भिंती उन्हात अशा तरंगत होत्या, की त्या जमिनीला टेकल्यात का हे कळेना. मार्था रात्रीची शिफ्ट संपवून थेट आली होती. बोटं पाण्याने पांढरी पडलेली, डोळे लाल, पण बोलणं पूर्वीसारखंच सुसाट. तिने मला स्टेशनच्या मालधक्क्यावर नेलं. तिथे रशीदभाईंचा ट्रक कांदे उतरवून रिकामा परत निघाला होता. रशीदभाई म्हणजेच तो पियानोवाला व्यापारी. ड्रायव्हरशेजारी मला बसवून, उद्या सुट्टी आहे, येते, असं सांगून मार्था झोपायला गेली.

भोसरी, मोशी करत ट्रक इंद्रायणीच्या पुलावर आला. पाणी थोडंच होतं, पण स्वच्छ, आणि काठाला हरभऱ्याचे तुकडे. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. गाडी एका लयीत खडखडत होती, आणि माझ्या मांडीवरची बोटं आपोआप त्या लयीत वाजवू लागली. मला वाटतं मी मध्येच झोपलेही. जागी झाले तेव्हा हवेला कांद्याचा वास येत होता आणि चाकणच्या भुईकोटाचे पडके बुरूज समोर होते.

रशीदभाईंची वखार (कांदा साठवायची लांबट कोठी) बाजाराच्या टोकाला आहे. रशीदभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, बोलणं अदबीचं. त्यांनी आधी चहा दिला, मग माफी मागितली. झालं असं होतं, की कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना मेजं हवी होती, त्यांच्यासोबत हा पियानो गळ्यात पडला. सहा वर्षांत गिऱ्हाईक नाही. वरची फळी रुंद आणि कोरडी, म्हणून तिच्यावर बियाण्याचा कांदा पसरतात. माझ्यासाठी कांदा उतरवून त्यांनी पियानो स्वतः पुसला होता. मी झाकण उघडलं तर आतून कांद्याचे गुलाबी पापुद्रे उडाले आणि कवडशात तरंगत राहिले. वखारीत चार बायका कांदा निवडत होत्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

मी पहिली पट्टी दाबली आणि माझं तोंड कडू झालं. सुराच्या बाबतीत मी खडूस आहे, हे माझ्या विद्यार्थिनी सांगतील. पियानो सगळाच्या सगळा खाली उतरला होता. थोडाथोडका नाही, काळी आणि पांढरी यांच्या बरोबर मध्ये जाऊन बसला होता. नवल एवढंच, की सगळ्या तारा सारख्याच उतरल्या होत्या, आपापसांत भांडण नव्हतं. पण माझ्याजवळ सुराचा काटा होता (ठोकला की एकच नेमका सूर देणारा पोलादी दुशिंगी काटा) आणि तारा पिळायची किल्ली होती. हवालदारांची पाळी दुपारी संपणार होती. तोवर निदान मधल्या पट्ट्या तरी नीट करू म्हणून मी पदर खोचला आणि कामाला लागले. दोन तासांत दीड सप्तक काट्याला लावलं. डोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहत होतं. शेवटी एक तार फाडकन तुटली आणि माझ्या मनगटाला लागली. एका सुराला तीन तारा असतात, म्हणून निभावलं. रशीदभाईंनी मनगटाला हळद लावली आणि आता पुरे करा असं फार नम्रपणे सुचवलं.

तीनच्या सुमाराला हवालदार सखाराम सायकलवरून आले. पाठीला गोधडीत बांधलेला बासून. माणूस काटक, मिशी पांढरी, खालचा ओठ एका बाजूला सुजलेला. त्यांनी मला सलाम केला, चपला काढल्या, कोटाची सगळी बटणं लावली आणि मगच गोधडी सोडली. लाकूड काळपट तांबूस, चाव्या घासून लख्ख केलेल्या. एका तपकिरीच्या डबीतून त्यांनी वेताची दुहेरी पात काढली, पेल्यातल्या पाण्यात भिजवली, बासूनच्या वाकड्या नळीला लावली आणि एक लांब सूर दिला.

तो सूर ऐकून मला एकदम मिस साहेबांची आठवण झाली आणि रडू आलं. कांद्यांनी माझी लाज राखली. खर्ज होता, पण जड नव्हता. दुपारी झोपेत कुणी आपल्याशी हळू बोलतंय, असा तो आवाज होता. मी पियानोवर तोच सूर दाबला, आणि दोघांचं असं काही वाकडं वाजलं की निवडणाऱ्या बायकांनी मान वर केली.

काटा ठोकून पाहिला. बासून अर्धी पायरी चढा होता (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत एक पायरी). हवालदारांनी शांतपणे खुलासा केला. गोऱ्या पलटणींच्या काळी बँडची सगळी वाद्यं चढ्या सुराची असायची. पुढे खाली उतरवलेली नवी वाद्यं आली आणि जुनी मोडीत काढली. त्यातला हा त्यांनी मागून घेतला. सांधा बाहेर ओढून पाहिला, केसाएवढा उतरला, अधिक नाही. पियानो आणखी चढवायचा म्हटलं तर जुन्या तारा पटापटा तुटल्या असत्या. म्हणजे एक काट्याच्या वर, एक काट्यापाशी, आणि दोघांच्या मध्ये अर्ध्या पायरीची फट. तिथे दाबायला पट्टीच नाही. मी स्टुलावर बसून राहिले. अकरा वर्षं थांबले, तीन गाड्या आणि एक ट्रक बदलून आले, आणि सोमवारी या माणसाचे दात जाणार होते. मला जन्मात इतकं हताश वाटलं नव्हतं.

हवालदार मात्र बँडचे. तिथे तपासणीच्या दिवशी एकाने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी ओळीने आपापला सूर देऊन पाहायचा, अशी पद्धत. ते म्हणाले, "बाई, तुमी खालपास्नं येकेक पट्टी दाबा. म्या धरून ऱ्हातो." उपयोग काय, असं मनात म्हणत मी अगदी डावीकडून सुरुवात केली. मी हात न लावलेल्या खर्जाच्या पट्ट्या होत्या त्या. त्यांचा सूर आला त्याच नावाच्या पट्टीवर काही जुळलं नाही. त्याच्या पुढची पट्टी दाबली, आणि दोन्ही आवाज एकमेकांत विरघळले. कुठला कुणाचा ते कळेना.

हवालदारांनी पात ओठातून काढली. "हां. ह्यो."

मला समजायला थोडा वेळ लागला. बासून अर्धी पायरी वर होता. पियानो, मी हात लावण्याआधीचा, अर्धी पायरी खाली होता. दोन अर्ध्या मिळून एक पुरी. मी प्रत्येक सूर एक पट्टी वर सरकून वाजवला, की दोघं तंतोतंत जुळणार होते. सहा वर्षं कांद्याखाली दबून हा पियानो बरोबर हवा तेवढा उतरला होता, आणि मी शहाणीने येऊन दोन तास राबून नेमका मधला भाग बिघडवून ठेवला होता.

मी हे सांगितलं तेव्हा रशीदभाई इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग मी किल्ली घेतली आणि लावलेली प्रत्येक तार परत उतरवू लागले. हवालदार सूर धरायचे, मी तार ढिली करत त्यांच्यापर्यंत आणायची. एक सूर झाला की ते गालावर तळहात दाबून ठणका जिरवायचे, मग पुढचा. बरोबर असलेलं मुद्दाम चुकवायचं काम मी आयुष्यात प्रथमच केलं. आधी हात आखडत होता, नंतर मजा वाटू लागली. कांदा निवडणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, की आता गोड लागतंय, मघाशी कानात काटा जात होता.

दिवस कलताना बैलगाडीने आम्ही कुरुळीला गेलो. रस्ता धुळीचा, दोन्हीकडे ज्वारीवर पिवळं ऊन. हवालदारांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, माझ्यासाठी मासवडी केली होती (नावात मासा असला तरी आत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, वर बेसनाचं पातळ आवरण आणि सोबत झणझणीत रस्सा). हवालदारांना मात्र भाकरी दुधात कुस्करून लागली. मी चुलीपुढे बसून फळकुटावर बोटं नाचवत होते. अकरा वर्षं पांढऱ्यांवर वाजवलेलं आता काळ्यांवर आणायचं होतं, आणि हात जुन्या वाटेला पळत होते. हवालदार जेवता जेवता बघत होते. मग स्वतःहून बोलले.

"तेहतीस वर्सं वाजवलं म्या. पर बँडात पितळेचा मोठा भोंगा आसतो, त्याच्याखाली बासून दबून जातो. समोरच्याला ऐकू येत न्हाई. मला सुदिक कधी नीट ऐकू आला न्हाई."

लक्ष्मीबाईंनी त्यांच्या वाटीत आणखी दूध घातलं. हवालदारांना इतकी वर्षं वाजवायला काय गोडी वाटत होती, हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण मी फळकुटावर पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.

रविवारी सकाळी वखारीत मार्था आली, लक्ष्मीबाई आल्या. रशीदभाईंनी पांढरा सदरा घातला होता. निवडणाऱ्या बायकांना सुट्टी नव्हती, पण त्यांनी बसायची जागा पियानोच्या जवळ आणली. हवालदारांनी बटणं लावली, पात भिजवली, आणि उभेच राहिले. मी मानेने खूण केली तरी सुरू होईनात. शेवटी म्हणाले, हात वर करून खाली आणल्याबिगर बँड सुरू होत नाही. मी उजवा हात बँडमास्तरासारखा वर नेला, खाली आणला, आणि तो पट्ट्यांवर पोहोचेपर्यंत त्यांचा पहिला सूर आला होता.

पहिला भाग म्हणजे भरभर चालणं. त्यांनी तो कवायतीच्या पावलाने घेतला, जरा जास्तच ताठ, पण पाऊल एकही चुकलं नाही. जिथे त्यांना विराम होते तिथे ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजत आणि नेमके वेळेवर येत. माझे दोनदा हात जुन्या जागी पडले, कडवट आवाज आला, पण ते थांबले नाहीत म्हणून मीही थांबले नाही. जे सूर मी अकरा वर्षं मनात म्हटले होते ते आता बाहेरून कानावर येत होते, आणि मी कल्पिले होते त्याहून ते वेगळे होते. मला जिथे गंभीर वाटायचं तिथे बासून चक्क थट्टा करत होता. मिस साहेबांना काय म्हणायचं होतं ते मला तिथे कळलं.

मग संथ भाग. पापुद्रे कवडशात फिरत होते, बायकांचे हात कांद्यांवर चालले होते, त्याची एक बारीक सळसळ होती. आठ घरं आली. मी हात मांडीवर ठेवले. हवालदार एकटे वाजवू लागले, आणि दुसऱ्या घरातच त्यांचं पाऊल ढिलं पडलं. तेहतीस वर्षं ताल न चुकलेला माणूस सावकाश झाला. डोळे मिटलेले होते. ते स्वतःला ऐकत होते. बायकांची सळसळ कधी थांबली ते मला आठवत नाही. लक्ष्मीबाई डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

मी मोजायचं विसरले. अकरा वर्षं जी घरं मोजली, ती खरी आली तेव्हा विसरले. आठवं घर संपलं, माझी वेळ झाली, आणि मी तशीच बसून होते. हवालदारांनी शेवटचा सूर सोडला नाही. कागदावर नव्हता तेवढा लांब धरला, मान ताठ, कपाळावर शीर फुगलेली, आणि मग डोळे उघडून बँडमास्तरासारखी मला मानेने खूण केली. तेव्हा मी वाजवू लागले.

तिसरा भाग पाठलागाचा. तो कसा झाला ते मला सांगता येणार नाही. हसत झाला एवढं खरं. संपल्यावर हवालदारांनी पात काढली, तिच्या टोकाला लाल लागलं होतं. त्यांनी ती पुसून डबीत ठेवली आणि लक्ष्मीबाईंकडे वळले.

"ऐकू आलं का?"

"आलं की," त्या म्हणाल्या. "समदं आलं."

त्यांनी पुन्हा कोटाचं वरचं बटण लावलं, जे लागलेलंच होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, की बाई, तुम्ही आठव्या घराला उशीर केला. मी माफी मागितली. ते म्हणाले, बरं झालं.

निघताना रशीदभाईंनी विचारलं, की आता पुण्याहून माणूस बोलावून पियानो नीट लावून घेऊ का, म्हणजे गिऱ्हाईक तरी येईल. मी म्हटलं, तुमचा माल, तुमची मर्जी. पण माझं तोंड पाहून त्यांनी एका पोराला हाक मारली आणि कांद्याची पाटी परत पियानोवर ठेवायला सांगितलं. मला पोचवायला कांदे भरलेला ट्रक होता. इंद्रायणीवरून जाताना मी मागे पाहिलं तर चाकण दिसत नव्हतं, नुसती धूळ होती, सोन्यासारखी.

नगरला येऊन आज पंधरा दिवस झाले. मार्थाचं पत्र आलं. दात निघाले, सूज उतरली, हवालदार गेटवर परत रुजू झालेत. बासून गोधडीत बांधून माळ्यावर ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत ते आता बोटांची पेरं मोजत बसतात, असं तिने लिहिलंय.

माझा पियानो काट्याला अगदी बरोबर आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे बसले आणि हात एक पट्टी वर पडले. ते खाली आणायला चार दिवस लागले. काल संध्याकाळी संथ भाग वाजवत होते. आठ घरं आली, मी हात मांडीवर ठेवले. पाचव्या घराला भिंतीपलीकडून आवाज आला, "झालं का हो वाजवून?"

"नाही काशीबाई," मी म्हटलं. "अजून हवालदारांचं चाललंय."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. आठ घरं संपेपर्यंत आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना बसून राहिलो.